टेबलावर १५५३ बस उभी करताना: आधी तार, मग वर्ड, मग डबा

बेळगावच्या उद्यमबागेत मोटर वाइंडिंगचं एक दुकान आहे. तिथे मी ट्रान्सफॉर्मर करून घ्यायला फेराइटची रिंग घेऊन गेलो आणि सांगितलं, एका बाजूला २० वेढे, दुसऱ्या बाजूला २८. कारागिरानं रिंग उलटसुलट करून बघितली. "ओ सर, २० ला ३० घालतो की. राउंड फिगर." त्याला २८ वर आणायला चहा पाजावा लागला. हे २० ला २८ कुठून आलं, ते कळलं की लढाऊ विमानातल्या १५५३ डेटा बसचा, म्हणजे सगळी उपकरणं जिच्यावर बोलतात त्या एका जोडतारेचा, अवघड वाटणारा भाग संपतो, म्हणून सुरुवात तिथून.

आपल्या भागात पोरं या विषयाकडे वळतात याचं नवल नाही. सांबऱ्याला हवाई दलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे, हत्तरगीला विमानाच्या सुट्या भागांचं सेझ आहे, व्हीटीयू हे तंत्रविद्यापीठ तर गावातच. मी स्वतः सांबऱ्यातून बाहेर पडून आयुष्यभर एव्हियॉनिक्समध्ये, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये, काम केलं आणि आता अनगोळात घरीच चार पोरांना शिकवतो. कुणी मराठी शाळेतलं, कुणी कन्नड शाळेतलं, पुस्तकं सगळी इंग्रजीत. व्याख्या सगळ्यांना पाठ असते. हातात केबल दिली की मात्र गप्प.

खाली आहे ते घरच्या टेबलावर करायचं काम. दोन-तीन रविवार लागतील. विमानाला हात लावायची गरज नाही आणि लावायचाही नाही. मिल-एसटीडी-१५५३बी या मानकाचा मजकूर सगळ्यांना खुला आहे. कुठल्या विमानात कुठला डबा, म्हणजे कुठलं उपकरण, कुठल्या पत्त्यावर बसलाय आणि काय बोलतो, तो कागद मात्र गोपनीय असतो. त्याबद्दल कुणाला विचारू नका.

थोडी पार्श्वभूमी

पूर्वी विमानात प्रत्येक उपकरणाकडून दुसऱ्या प्रत्येक उपकरणाकडे स्वतंत्र तारा जायच्या. उपकरणं वाढली तशा तारांच्या जुड्या मनगटाएवढ्या झाल्या. अमेरिकी हवाई दलानं १९७३ मध्ये एका जोडतारेवर सगळ्यांना बसवणारं मानक काढलं. १९७५ मध्ये त्याची 'ए' आवृत्ती आली आणि १९७८ मध्ये 'बी'. ती आजही चालते. एफ-१६ हे तिचं पहिलं मोठं घर. आपल्याकडे जग्वारच्या डॅरिन या दिशादर्शन आणि माऱ्याच्या प्रणालीत, सुखोई-३० एमकेआयमध्ये आणि तेजसमध्ये हीच बस आहे. मिराज-२००० फ्रेंच डिजिबस घेऊन आलं होतं, ते वेगळं घराणं.

वेग फक्त सेकंदाला १० लाख बिट. मोबाइलवर व्हिडिओ बघणारं पोर यावर हसतं. हसू द्यावं. या बसचा गुण वेगात नाही, शिस्तीत आहे. टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट उघडलं की दोन्ही बाजूंच्या गाड्या एकदम घुसतात आणि मधोमध कोंडी होते. तसं इथे होऊच शकत नाही, कारण विचारल्याशिवाय कुणी बोलायचंच नाही असा नियम आहे.

पायरी पहिली: हजेरी समजून घ्या

बाई हजेरी घेतात. "पाच नंबर?" पाच नंबरचा पोरगा उठून "हजर बाई" म्हणतो, बाकीचे गप्प. बाई म्हणजे बस कंट्रोलर, पोरं म्हणजे रिमोट टर्मिनल, आणि मागच्या बाकावर बसून कोण काय बोललं ते फक्त लिहून घेणारा तपासनीस म्हणजे बस मॉनिटर. टर्मिनलचे पत्ते ० ते ३०, म्हणजे जास्तीत जास्त ३१ पोरं. ३१ हा पत्ता सगळ्यांना एकदम सांगायला राखलेला असतो, आणि तेव्हा उत्तर कुणीच द्यायचं नाही.

उत्तराला वेळेचं बंधन आहे: ४ ते १२ मायक्रोसेकंद. हे अंतर कुठून कुठपर्यंत मोजायचं यावर पोरं हमखास चुकतात. कंट्रोलरच्या शेवटच्या बिटाच्या मध्यातून ते टर्मिनलच्या सिंकच्या, म्हणजे बोलणं सुरू झाल्याची खूण देणाऱ्या पहिल्या तुकड्याच्या, मध्यापर्यंत मोजतात. त्यातला अर्धा मायक्रोसेकंद त्या बिटाचा आणि दीड सिंकचा. म्हणून स्कोपवर (तारेवरची लहर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) तार खरी शांत दिसते ती २ ते १० मायक्रोसेकंदच. 'माझं टर्मिनल ४ च्या आत बोलतंय' अशी तक्रार आली की मी आधी कर्सर कुठे ठेवलाय ते बघतो. आणि कंट्रोलरनं उत्तर आलं नाही असं ठरवायच्या आधी किमान १४ मायक्रोसेकंद थांबायचं असतं.

पायरी दुसरी: एक वर्ड हातानं लिहा

संगणक बंद करा, चौकटीची वही घ्या. वर्ड म्हणजे एका दमात जाणारा निरोपाचा तुकडा. प्रत्येक वर्ड २० बिटवेळांचा, म्हणजे २० मायक्रोसेकंदांचा. पहिल्या ३ बिटवेळा सिंक, मग १६ बिट माहिती, शेवटी १ पॅरिटी, म्हणजे चूक पकडायचा बिट. पॅरिटी विषम: माहिती आणि पॅरिटी मिळून १ ची संख्या विषम यायला हवी.

समजा कंट्रोलरला पत्ता ५ च्या टर्मिनलला सांगायचंय की 'सबॲड्रेस ३ मधले २ वर्ड पाठव'. सबॲड्रेस म्हणजे टर्मिनलच्या आतला कप्पा. पत्त्याचे पाच बिट ००१०१. मग पाठव की घे याचा एक बिट. पाठव म्हणून १. सबॲड्रेस ०००११. वर्डांची संख्या ०००१०. सलग लिहा: ००१० ११०० ०११० ००१०, म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) २सी६२. १ मोजा, सहा आले. सम आहेत, म्हणून पॅरिटी १.

३२ वर्ड हवे असतील तर पाच बिटांत ३२ मावत नाही, तिथे ००००० लिहितात. सबॲड्रेसच्या जागी ० किंवा ३१ आला तर पुढचे पाच बिट वर्डांची संख्या नसून मोड कोड असतो, म्हणजे टर्मिनललाच दिलेला हुकूम.

टर्मिनल सुखरूप असेल तर त्याचा स्टेटस वर्ड, म्हणजे 'हजर बाई' म्हणणारा वर्ड, २८०० येतो: पत्ता ५, बाकी सगळी शून्यं. २८०८ आला तर 'बिझी', आणि त्या वेळी डेटा न येता नुसता स्टेटस येतो. २८०१ म्हणजे टर्मिनल स्वतःच्याच तब्येतीची तक्रार करतंय. आता एक खाच. टर्मिनलला पाठवलेला डेटा खराब पोचला तर ते 'चूक झाली' असं लगेच सांगत नाही. ते गप्प बसतं आणि चुकीचा बिट मनात ठेवतं. कंट्रोलरनं मग २सी०२ पाठवून, म्हणजे स्टेटस मागणारा मोड कोड वापरून, विचारायचं. तेव्हा २सी०० येतं आणि कळतं की डबा जिवंत आहे, निरोप बिघडला होता. गप्प टर्मिनल म्हणजे मेलेलं टर्मिनल असं धरून डबा बदलणारे मी पुष्कळ पाहिलेत.

पायरी तिसरी: वर्डाचे पाच बाइट करा

तारेवर १ म्हणजे अर्धा बिट वर, अर्धा खाली. ० म्हणजे आधी खाली, मग वर. प्रत्येक बिटाच्या मध्यात उडी असतेच, म्हणून वेगळी क्लॉकची तार लागत नाही. याला मँचेस्टर म्हणतात. सिंक मात्र मुद्दाम हा नियम मोडतो: कमांड (कंट्रोलरचा हुकूम) किंवा स्टेटस असेल तर दीड बिट वर आणि दीड बिट खाली, डेटा असेल तर उलट. माहितीत एकाच पातळीवर १ मायक्रोसेकंदाहून जास्त वेळ कधी राहता येत नाही, म्हणून दीडचा तुकडा दिसला की तो सिंकच.

आता माझी आवडती युक्ती. अर्ध्या बिटांत मोजलं तर एक वर्ड ४० अर्धे, म्हणजे बरोब्बर ५ बाइट. हे ५ बाइट बोर्डच्या एसपीआयमधून, म्हणजे एकामागे एक बिट बाहेर सोडणाऱ्या पोर्टमधून, २ मेगाहर्ट्झनं सोडले की तयार १५५३ लहर मिळते. आपल्या २सी६२ चं करून बघा. सिंक १११०००, मग प्रत्येक ० च्या जागी ०१, प्रत्येक १ च्या जागी १०, शेवटी पॅरिटी. आठ-आठचे गट पाडले की ई१, ६६, ९५, ए५, ६६ येतं. तुमचं वेगळं आलं तर पुढे जाऊ नका, वहीतच चूक शोधा.

साध्या आर्डुइनो उनोवर हे जमत नाही, कारण त्याच्या एसपीआयमध्ये दोन बाइटांच्या मध्ये फट पडते आणि लहर तुटते. डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न अडवता सलग बाइट पुरवणारी सोय, असलेला बोर्ड घ्या. एसटीएम३२ चा निळा बोर्ड चालतो. त्याचा क्लॉक ७२ ऐवजी ६४ मेगाहर्ट्झवर ठेवा, म्हणजे ३२ नं भागून नेमके २ मिळतात; ७२ ला भागून २ येत नाहीत. बघायला २४ मेगाहर्ट्झचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर पुरतो. अर्ध्या बिटात १२ नमुने मिळतात.

लहर दिसली की सिंकचा खालचा तुकडा दीडऐवजी २ मायक्रोसेकंदांचा दिसेल. घाबरू नका. पत्त्याचा पहिला बिट ० आहे, तो खालूनच सुरू होतो आणि सिंकला चिकटतो.

पायरी चौथी: तार आणि ते २० ला २८

इथे सावकाश जा. माझ्या अनुभवात बसचे बहुतेक आजार इथलेच असतात.

बस म्हणजे शिल्ड असलेली पिळाची जोडतार. तिचा इम्पीडन्स, म्हणजे लहरीला जाणवणारा रोध, ७० ते ८५ ओहममध्ये, बहुधा ७८. दोन्ही टोकांना ७८ ओहमचे टर्मिनेटर. मधून प्रत्येक डब्याकडे जी फांदी निघते ती स्टब. स्टब थेट जोडला तर १ फुटाच्या आत ठेवायचा, कपलर ट्रान्सफॉर्मरमधून जोडला तर २० फुटांपर्यंत चालतो.

कपलरमध्ये एक ट्रान्सफॉर्मर आणि दोन रोध असतात. ट्रान्सफॉर्मरचं प्रमाण १ ला १.४१, जास्त वेढे बसच्या बाजूला. त्याच बाजूच्या दोन्ही तारांत एकेक रोध, किंमत ७८ च्या पाऊणपट, म्हणजे ५८.५ ओहम. आता हिशेब मांडा. स्टबवरून बसकडे बघितलं तर दोन रोध मिळून ११७. पलीकडे बस दोन्ही दिशांना ७८-७८ ची, म्हणून ३९. बेरीज १५६. ट्रान्सफॉर्मर त्याला १.४१ च्या वर्गानं, म्हणजे २ नं भागतो. उरले ७८. स्टबच्या केबलला समोर पुन्हा स्वतःसारखेच ७८ ओहम दिसतात, म्हणून लांब स्टबमधूनही डब्यानं सोडलेली लहर परत उसळत नाही. ज्यानं हे आकडे बसवले त्याला माझा नमस्कार. आणि म्हणून २० ला २८. मानक ३ टक्के फरक चालवतं. २० ला ३० म्हणजे दीडपट, ते हद्दीबाहेर जातं.

व्होल्टेजही असंच मोजा. डबा स्टबवर २० व्होल्ट टोकापासून टोकापर्यंत देतो असं धरा. मानकात १८ ते २७ चालतात. ट्रान्सफॉर्मर त्याचे २८ करतो. १५६ पैकी ३९ म्हणजे पाव, म्हणून बसवर ७ उरतात. रोधांचा दुसरा फायदा असा की एखाद्या स्टबला शॉर्ट झाला तरी बसला फक्त ११७ ओहमचा भार दिसतो. बाकीचे डबे बोलत राहतात.

७८ ओहमचा रोध आपल्याकडच्या दुकानात मिळणार नाही. ५६ आणि २२ एकामागे एक जोडा, ७८ झाले. कपलरसाठी ५६ आणि २.२, म्हणजे ५८.२. घरी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर मानकाच्या बाकी अटींत बसणार नाही, पण शिकायला उत्तम.

तीन कपलर करा: कंट्रोलर, टर्मिनल, मॉनिटर. प्रत्येक स्टबवर आरएस-४८५ ची, म्हणजे जोडतारेवर बोलणारी-ऐकणारी, चिप लावा. तिची एनेबल पिन (बोलणं चालू-बंद करणारी) महत्त्वाची, कारण १५५३ च्या तारेला तीन अवस्था असतात, वर, खाली आणि शांत. बोर्डच्या एका पिनला दोनच जमतात. व्होल्टेज मानकाच्या बरंच खाली राहील. टेबलावर चालतं, हे कुठल्याही खऱ्या डब्याला मात्र जोडायचं नाही.

इशारा: बोलून झालं की एनेबल लगेच बंद करा. स्थिर व्होल्टेजला ट्रान्सफॉर्मरचे वेढे म्हणजे जवळजवळ शॉर्टच. खानापूरचा माझा एक विद्यार्थी प्रोग्रॅम अर्धवट सोडून जेवायला उठला. परत आला तेव्हा चिपला बोट लावता येत नव्हतं. खऱ्या टर्मिनलमध्ये अशा बेताल बडबडीसाठी हार्डवेअरचा पहारेकरी असतो. सर्वांत लांब उत्तर स्टेटस आणि ३२ डेटा मिळून ६६० मायक्रोसेकंदांचं. ८०० च्या पुढे कुणी बोलत राहिला तर त्याचा आवाज आपोआप कापायचा असतो. त्या दिवसानंतर पोरानं आपल्या कोडमध्येही ८०० चा टायमर घातला.

पायरी पाचवी: वीज देण्याआधी मल्टिमीटर

पुस्तकात वाचलेलं पोर म्हणतं, दोन टर्मिनेटर समांतर, म्हणून ३९ ओहम दिसायला हवेत. मग मीटर साडेएकोणीस दाखवतो आणि ते शॉर्ट शोधत बसतं. कपलर विसरला! प्रत्येक कपलर बसवर सुमारे ११७ ओहम टाकतो. तीन कपलर समांतर म्हणजे ३९. टर्मिनेटरचे ३९ आणि हे ३९ मिळून साडेएकोणीस. तारेचा आणि वेढ्यांचा किंचित रोध धरून २० च्या आसपास आलं की आपली बस ठीक.

२६ आले तर एक टर्मिनेटर निसटलाय. २३ च्या वर आले तर एका कपलरची जोडणी तुटलीय. ३९ म्हणजे कपलर एकही लागलेला नाही. हे चार आकडे टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवा. कपलर वाढवले की नवा हिशेब करा. आणि स्टबच्या टोकाला मीटर लावून 'शून्य दाखवतोय, शॉर्ट आहे' असं ओरडू नका. तिथे ट्रान्सफॉर्मरचे वेढेच मोजले जातात.

टेबलावर ३ मीटर केबलला टर्मिनेटर काढला तरी बस चालते, हे तुम्हाला दिसेलच. लहर जाऊन परत यायला ३० नॅनोसेकंद लागतात आणि १५५३ च्या लहरीची खालून वर जायची चढण १०० ते ३०० नॅनोसेकंदांची, म्हणून प्रतिध्वनी चढणीतच विरतो. फक्त लहरीची उंची वाढते. यावरून 'टर्मिनेटर नसला तरी चालतं' अशी सवय लागते आणि ती लांब केबलवर अंगाशी येते.

पायरी सहावी: वेळापत्रक

इथे थोडक्यात. कंट्रोलरनं कुणाला केव्हा विचारायचं ते आधी ठरलेलं असतं. २० मिलिसेकंदांची चौकट घ्या, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. ३२ वर्डांचा एक पूर्ण निरोप उत्तरासह जवळपास ७०० मायक्रोसेकंद खातो. तो प्रत्येक फेरीत गेला तर सेकंदातले ३५ मिलिसेकंद, म्हणजे साडेतीन टक्के बस गेली. असे वीस निरोप टाकले की ७० टक्के भरले. उरलेल्या जागेत पुन्हा विचारणं, मोड कोड आणि पुढे येणारा एखादा नवा डबा मावायला हवा, म्हणून मी विद्यार्थ्यांना ७० च्या खालीच थांबवतो. विमानात ए आणि बी अशा दोन बस असतात, पण बी ही ए ची राखीव आहे. जादा सामान वाहायला ती नाही.

बाकीची घराणी नावानं माहीत असू द्या. प्रवासी विमानांतल्या एआरिंक-४२९ मध्ये एकच बोलतो आणि जास्तीत जास्त २० ऐकतात, वर्ड ३२ बिटांचा. १७७३ म्हणजे हीच बस काचेच्या धाग्यावर. १७६० शस्त्रांच्या जोडणीचं मानक, त्याच्या पोटात १५५३ च. युरोफायटर आणि रफालमध्ये स्टॅनॅग-३९१० आहे. त्यात २० मेगाबिटचा वेगळा मार्ग आहे, पण त्यालाही हुकूम १५५३ च्या पद्धतीनंच मिळतो.

पायरी सातवी: बिघाड शोधा

क्रम कायम हाच ठेवा: आधी तार, मग वर्ड, मग डबा. मीटरचा आकडा बरोबर असेल तर स्कोप लावा आणि गप्प असलेल्या टर्मिनलच्या स्टबवर कमांड पोचते का ते बघा. पोचत असेल तर पत्ता तपासा. पत्ता कनेक्टरच्या पिना जोडून ठरतो, त्याची स्वतंत्र पॅरिटी पिनही असते, आणि एक पिन सैल झाली तर डबा बोलायचंच बंद करतो.

आता एक असा बिघाड, जो मीटरला दिसत नाही. माझ्या टेबलावर एकदा मॉनिटरला सगळं ऐकू येत होतं, २० ओहम बरोबर, पत्ता बरोबर, आणि टर्मिनल ढिम्म. नवा बोर्ड लावला, तोही ढिम्म. तास गेला. मग पोरगी म्हणाली, "सर, स्टबवर सिंक खालून सुरू व्हायला लागलंय बघा." निळी तार पांढरीच्या जागी सोल्डर झाली होती, आणि ती मीच केली होती. तार उलटी झाली की कमांडचं सिंक डेटाचं दिसतं, प्रत्येक १ चा ० होतो. शिवाय माहिती आणि पॅरिटी मिळून १७ बिट; त्यात १ विषम असतील तर ० सम असतात, म्हणून उलटल्यावर पॅरिटीही हमखास चुकते. टर्मिनलला कमांड आलीच नव्हती. आला होता तो एक खराब डेटा वर्ड, आणि तो त्यानं नियमाप्रमाणे टाकून दिला. पहिल्यांदा तार बघितली असती तर दुसरा बोर्ड काढायची वेळ आली नसती. पोरगीनं दोन टाके उकलून उलटे लावले आणि पुढच्याच फेरीत २८०० आलं.

हा बिघाड तुम्ही मुद्दाम करून बघा. नंतर चौथा कपलर जोडा, त्यावर दुसरं टर्मिनल, तेही पत्ता ५ चंच. मीटर आता साधारण सतरा दाखवेल. २सी६२ सोडा आणि दोन पोरं एकदम "हजर" म्हणाली की तारेवर काय होतं ते स्कोपवर थांबवून वहीत काढून घ्या.